चार शाळा आणि एक तंबोरा

"फक्त बोट ठेवा चाचा, चारांतल्या कुठल्या शाळेवर ते. बाकी सगळं मी करून आणलंय."

भरतेश मगदूमनं दस्तगीरचाचांच्या पुढ्यातला लाकडाचा भुसा हातानं बाजूला सारला आणि तिथंच एक भलामोठा कागद पसरला.

मिरजेतल्या तंतुवाद्यांच्या गल्लीत चाचांचं दुकान. चाचा तंबोऱ्याच्या एका भोपळ्याला पॉलिश चढवत होते. त्यांचा हात थांबला नाही.

"कुणाच्या शाळेचं म्हणतोस?"

"चैत्रालीच्या. आठवीपासून निवासी शाळेत जायचंय तिला. स्वतःच म्हणाली, चाचा. मला तर इतका आनंद झाला म्हणता!"

आनंद झाला होता हे सांगायची गरजच नव्हती. महिनाभर त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. त्याला स्वतःला असली शाळा कधी मिळाली नव्हती, म्हणून लेकीच्या वाट्याची आणि स्वतःच्या वाट्याची अशी दोघांची हौस तो एकटाच भागवत होता.

कॉलेजात असताना चार वर्षं तो चाचांच्या हाताखाली तंबोरे करायला शिकला होता. पुढं इंजिनिअर झाला, पाण्याच्या पंपांचा कारखाना काढला, चांगला चालवला. तरी मोठं काही करायचं झालं की आधी चाचांच्या कानावर घालायचं, हा त्याचा शिरस्ता. सल्ल्यासाठी नव्हे. शाबासकीसाठी.

तेरा वर्षांची चैत्राली दाराशी वाळत ठेवलेल्या भोपळ्यांपाशी बसली होती. एकेका भोपळ्यावर टिचकी मारायची आणि कान लावून ऐकायची. आल्यापासून तिनं तोंड उघडलं नव्हतं.

"हे बघा," भरतेश म्हणाला. "चार शाळा. चारही स्वतः जाऊन बघून आलो. अठ्ठावीस मुद्दे, प्रत्येकाला दहापैकी गुण. डोंगरावरची शाळा पहिली आली. वसतिगृह, निकाल, घोडे, पोहण्याचा तलाव. पंचवीस मीटर लांब आहे चाचा, तलाव."

"पोरीला पोहता येतं?"

"...शिकेल की."

चाचांनी चष्मा लावला. कागद वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला. भरतेशची छाती हळूहळू फुगत चालली.

"अक्षर झकास काढलंयस," चाचा म्हणाले. "पेन्सिल काय अजून सुटली न्हाई तुझी."

भरतेशचे कान लाल झाले.

पेन्सिलीची गोष्ट गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. घोडीवर प्रत्येक तारेखाली एक साधा दोरा सरकवायचा. तो केसभर इकडंतिकडं झाला की तार मुकी. नेमक्या जागी आला की तीच तार भरून गुंजायला लागते. याला जवारी लावणं म्हणतात, आणि ती जागा डोळ्याला दिसत नाही, कानानंच शोधावी लागते.

शिकाऊ भरतेशनं एका तंबोऱ्याची जागा शोधली, तिथं पेन्सिलनं खूण केली आणि फुटपट्टीनं मोजून तीच खूण आणखी अकरा घोड्यांवर उतरवली. दुपारच्या जेवणाआधी बारा तंबोरे तयार! गडी भलताच खूश. त्यातले अकरा वाजेनात. चाचा एका शब्दानं रागावले नाहीत. पॉलिश पेपरचा एक तुकडा दिला आणि अकरा घोड्यांवरच्या खुणा पुसायला बसवलं.

"ते वेगळं होतं चाचा," भरतेश म्हणाला. "हे नीट अभ्यास करून केलंय. आणि आज सहाच्या आत त्या शाळेला होकार कळवायचाय. नाहीतर जागा गेली."

भिंतीवरचं घड्याळ पाच वाजून दहा मिनिटं दाखवत होतं.

पुढची पाच वर्षं पोरगी कुठं राहणार, कुणाशेजारी बसून जेवणार, बरं नसलं की कुणाला हाक मारणार, हे त्या एका फोनवर ठरायचं होतं. भरतेशला त्याची काळजी नव्हती. त्याच्याकडं कागद होता.

चाचा उठले. खुंटीवरचा एक तंबोरा उतरवला आणि त्याच्यासमोर धरला.

"लाव."

"आत्ता?"

"बघू, हात ऱ्हायलाय का गेलाय."

भरतेशनं घड्याळाकडं पाहिलं, मग तंबोऱ्याकडं. आणि खरं सांगायचं तर शाळा, होकार, सहा वाजणं, सगळं तो क्षणात विसरला. वीस वर्षांनी हातात तंबोरा! मांडी ठोकून बसला, खुंट्या पिळल्या, सूर बारीक जुळवायचे मणी सरकवले. दोरा बोटात धरला. पहिली तार बंदच राहिली. दोरा थोडा ओढला... आणखी थोडा... आणि तार अशी खुलली, की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला.

"बघा! विसरलो नाही चाचा!"

चारही तारा दुकानभर गुंजत होत्या. भरतेशच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

"ब्येस," चाचा म्हणाले. "कुणासाठी लावलास?"

"कुणासाठी म्हणजे?"

चाचांनी चष्मा पुसायला घेतला.

"जनानी तंबोरा आहे," भरतेश म्हणाला. "बायकांचा गळा म्हणून वरच्या पट्टीत, काळी चारमध्ये लावला. तसाच तर लावतात."

"चैत्राली बेटा," चाचांनी हाक मारली. "हिकडं ये. बैस. काय तरी बोल."

ती आली. भरतेश लगेच पुढं झाला. "चाचा, ती जरा बुजरी आहे. तिला काय विचारायचंय ते मला..."

चाचांनी नुसती मान हलवली. तो थांबला.

"काय बोलू?" चैत्राली म्हणाली.

तिचा आवाज दबका, जाडसर आणि खालचा. तेरा वर्षांच्या मुलीचा वाटू नये इतका खालचा. भरतेशनं लावलेल्या तारा वरच्या वर गुंजत राहिल्या आणि तिचा आवाज त्यांच्या खाली कुठंतरी एकटाच पडला. ज्यानं चार वर्षं या दुकानात काढली त्याला हे कळायला गवय्या असायची गरज नव्हती. भरतेशला ते कळलं. घरात तेरा वर्षं ऐकलेला आवाज, आणि तो किती खालचा आहे हे त्याला आज कळत होतं.

"त्या शाळांतलं सांग," चाचा म्हणाले. त्यांनी तंबोरा स्वतःकडं ओढला आणि एक खुंटी सैल करून तार हळूच खालच्या सुरात उतरवली.

"डोंगरावरच्या शाळेत मॅडमनी तीनदा सांगितलं, मोठ्यानं बोल. मग पप्पांनीच उत्तरं दिली."

चाचांनी दुसरी तार उतरवली.

"आणि बाकीच्या?"

"दुसऱ्या दोन्हीकडं पण पप्पाच बोलले." तिनं वाकून खुंटीकडं पाहिलं. "चौथ्या शाळेत मी बाहेर होते."

ही चौथी शाळा माळरानावरची. भरतेशच्या कागदावर ती सर्वांत खाली होती. तिथल्या मुख्याध्यापिकाबाई ठरल्या वेळेपेक्षा चाळीस मिनिटं उशिरा आल्या होत्या, त्याही कोपरापर्यंत चिखलानं भरलेल्या हातांनी. भरतेशनं वक्तशीरपणाला दहापैकी दोन आणि टापटिपीला एक गुण दिला होता. ते दोनही उदार मनानं.

"बाहेर काय केलंस?"

"तिथल्या विहिरीवरचा पंप बिघडला होता. मोटर चालत होती, पण पाणी चढत नव्हतं. बाई आणि दहा-बारा मुली पाइप ओढत होत्या. सगळ्या म्हणत होत्या, मोटर जळली. मला वाटलं, मोटर नाही. पाइपच्या तळच्या फूटव्हॉल्व्हमध्ये काहीतरी अडकलंय. म्हणून मी म्हणाले."

भरतेशनं चमकून वर पाहिलं.

"मोठ्यानं म्हणालीस?" चाचांनी विचारलं.

"नाही. असंच. बाईंनी सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाल्या, ही काय सांगते ते ऐकू या. मग मी परत सांगितलं." तिचा आवाज आता सुटायला लागला होता. "पाइप वर काढला तर व्हॉल्व्हमध्ये कुणाचातरी मोजा! एक मुलगी म्हणाली, अगं हा माझाच, मागच्या आठवड्यापासून शोधतेय. आम्ही इतक्या हसलो, की पाइप हातातून सुटला आणि परत विहिरीत. मग परत ओढला. मग पाणी आलं, आणि पहिल्या धारेखाली मलाच उभं केलं सगळ्यांनी."

"म्हणून तुझे कपडे ओले होते," भरतेश पुटपुटला. त्याला आठवलं. गाडीची सीट खराब होईल म्हणून त्यानं तिला वर्तमानपत्रावर बसवलं होतं. घरापर्यंत अडीच तास डोंगरावरच्या शाळेचे घोडे सांगितले होते.

"फूटव्हॉल्व्हचं तुला कुठून माहीत?" त्यानं विचारलं.

"तुम्ही फोनवर बोलता ना पप्पा, गिऱ्हाइकांशी. मोटर चालू आणि पाणी नाही, तर आधी फूटव्हॉल्व्ह बघा. मी ऐकते रोज."

भरतेशची नजर कागदावरच्या सर्वांत खालच्या शाळेकडं गेली.

चाचा तिच्या आवाजाचा माग काढत दोरा सरकवत होते. ती बोलत होती, त्यांची बोटं हलत होती. मोज्याच्या मालकिणीचं नाव हिरकणी आहे, तिनं पत्र लिहायला पत्ता दिलाय, वसतिगृहात मांजर आहे आणि तिला रोज वेगळी खोली लागते... एक तार खुलली. मग दुसरी. मग चारही, आणि आता चैत्रालीचा आवाज तारांच्या खाली पडत नव्हता, त्यांच्या मधोमध होता. तिलाही ते जाणवलं असावं. ती बोलता बोलता हसली आणि तिचं हसूही त्या गुंजनात मिसळलं.

घड्याळात पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

भरतेश एकदम उठला. पुढ्यातला कागद त्यानं चुरगळला, खिशातून फोन काढला. चेहरा उजळून निघाला होता, पुन्हा तोच मघाचा उत्साह, उलट आता दुप्पट.

"ठरलं चाचा! चौथीच. डोंगरावरच्यांना नाही म्हणून कळवतो आणि चौथीच्या बाईंना आत्ताच्या आत्ता फोन लावतो. जागा असेलच. नसली तरी मी बोलतो त्यांच्याशी, बघाच तुम्ही..."

"पण पप्पा..." चैत्राली म्हणाली.

त्यानं नंबर शोधायला सुरुवातसुद्धा केली होती.

पॉलिश लागलेला एक म्हातारा हात फोनवर येऊन बसला. दुसरा हात तारा छेडतच होता.

"थांब की," चाचा म्हणाले. "अजून बोलतीय ती."