विरजणाची वाटी

एका राज्यात माघ शुद्ध नवमी उजाडली ती दाट धुके घेऊन. दुपारी कोरडा वारा सुटला. त्या दिवशी भिवरा गवळण दंडकाळ मांत्रिकाच्या गुहेकडे निघाली.

सात वर्षांपूर्वी मांत्रिकाने राज्यातले सगळे विरजण मंत्राने ओढून नेले होते. तेव्हापासून कुठेही दही लागेना. लोणी नाही, विकायला तूप नाही. चारशे गवळणी राजाच्या अन्नछत्रात पेज पीत. भिवराची उरलेली एकुलती म्हैसही पौर्णिमेच्या बाजारात विकायची ठरली होती.

वाटेत एका साळुंकीने विचारले, “बाई, तलवार कुठे आहे?”

“माझ्याकडे वाटी आहे.”

साळुंकी हसली आणि वाट दाखवायला पुढे उडाली.

भिवराने विरजण परत मागितले, तेव्हा मांत्रिकाने त्यासाठी तीन कामे सांगितली. पहिले, दगडी म्हशीचे दूध काढायचे. भिवराने आधी गुहेच्या कोपऱ्यातले दगडी रेडकू तिच्यापुढे आणले; म्हशीला पान्हा फुटला. दुसरे, ते दूध विस्तवाशिवाय कोमट करायचे. ताजे दूध कोमटच असते, असे म्हणून तिने चरवी तशीच पुढे केली. तिसरे, शंभर रांजणांतून विरजण ओळखायचे. नव्याण्णवांत चुना होता. तिने वास घेत घेत चाळिसावा दाखवला.

मांत्रिकाने वाटीत चमचाभर विरजण घातले. चारशे गवळणींच्या घरी दही लागले तर शाप सुटेल, हे मेले तर तो कायमचा राहील, असे त्याने बजावले.

भिवराने ती वाटी राजाकडे नेली. राजाने आनंदाने विरजण सोन्याच्या डबीत घालून खजिन्यात ठेवले. दुसऱ्या दिवशी ते कडेने दगड होऊ लागले. मग प्रधानाने ते अन्नछत्रात प्रसाद म्हणून वाटायचे सुचवले. भिवरा दरबारात गेली.

“महाराज, खजिन्यात ते मरते, पोटात गेले की संपते. आम्हा बायकांना द्या. दुधाला लावू. रोज चमचाभर मागे ठेवू, बाकीचे विकू.”

“पेज पिणाऱ्या बायका व्यापार करणार?” प्रधान म्हणाला.

“प्रधानजी, पूर्वी तुमच्या पानावर तूप कुणाचे असायचे?”

राजाने डबी तिच्या हाती दिली.

भिवराने एक मडके लावले. त्यातून चाळीस जणींनी नेले, त्या चाळिसांकडून चारशे जणींनी. चारशेव्या घरी दही लागले, त्या सकाळी गुहेतले रांजण फुटले आणि शाप सुटला. पाच-पाच जणींनी मिळून बैलगाड्या जोडल्या. तूप शेजारच्या तीन राज्यांत जाऊ लागले.

ज्येष्ठ पौर्णिमेला अन्नछत्रात नऊ जणी जेवायला आल्या. आषाढ शुद्ध दशमीला एकही नाही.