वाटेवरचं आडवं लाकूड

"बाबा, एवढंच सांगा, काळी घेऊ की लाल?"

मालनबाई खैरमोडे मठाच्या दारात उभ्या होत्या. दोन्ही कोपरांवर खपल्या. बाहेर अंगणात भिंतीला टेकवलेल्या दोन विजेच्या डोंगरी सायकली, टायर माझ्या मनगटाएवढे जाड. दुकानाचा टेम्पो सकाळी त्या उतरवून गेला होता. चार वाजता येऊन नको असेल ती परत नेणार होता.

बाई आमच्या भागातल्या आरोग्यसेविका. घाटमाथ्यावरच्या पाच वाड्या त्यांनी पंचवीस वर्षं पायी केल्या, लसीची पेटी खांद्याला लावून. आता गुडघे गेले. साहेब म्हणाले, सोमवारी लिहून द्या वाड्या सोडते म्हणून, टेबलाचं काम देतो. वाड्यांवर दुसरं माणूस येणार का? तर नाही.

म्हणून बाई चोपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या. एका महिन्यात. लहानपणी कुणी शिकू दिली नव्हती.

मी मठात भाकऱ्या थापतो, कुणाला अक्कल शिकवत नाही. पण खरं सांगतो, मला ही सगळी थेरं वाटत होती.

हिरनाथबाबा आतल्या चौकात उन्हात बसून गोधडीला टाके घालत होते. दीक्षा घेण्याआधी तीस वर्षं त्यांनी तालुक्याला सायकली दुरुस्त केल्या होत्या. बाई त्यासाठीच आल्या होत्या.

"बसल्यावर पाय टेकतात?"

"दोन्हीवर टेकतात."

"ब्रेक?"

"उतारावर पेटी बांधून बघितले. दोन्ही थांबतात."

"मग घोडं अडलं कुठं?"

"काळीची बॅटरी मोठी. पाचही वाड्या करून परत आणते. पण वजन सव्वीस किलो. लाल अठराच किलो, पण तिची बॅटरी धनगरवाड्याच्या अलीकडेच संपते." बाईंनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. "मी सगळा अभ्यास केलाय, बाबा. मोटर, गिअर, काय वाटेल ते विचारा."

झालं. दुकानदारालासुद्धा एवढं माहीत नसेल.

बाबांनी कागदांकडे बघितलंही नाही.

"वाटेत काय काय लागतं?"

"दोन ओढे. खडीचा चढ. खिंड. मग पठार."

"आणखी?"

"आणखी काही नाही. पंचवीस वर्षं जातेय मी. डोळे मिटून सांगीन."

बाबा उठले. आपला दीक्षेचा दंड घेतला आणि दाराच्या दोन बाजूंच्या दगडी कट्ट्यांवर आडवा ठेवला. गुडघ्याएवढी उंची.

"आत ये. सायकल घेऊन."

बाई बघत राहिल्या...

"अगं बाई!" त्या हळूच म्हणाल्या. "ती लाकडं!"

वाडीत गुरं शिरू नयेत म्हणून आमच्याकडे पायवाटेवर दोन खांबांना आडवं लाकूड ठोकतात. रिवाज असा, की ते ओलांडायचं, उघडायचं नाही. उघडणारा लावायला विसरतो आणि गुरं उभी नाचणी फस्त करतात. बाईंच्या वाटेवर अशी तीन लाकडं होती. हजारदा त्यांच्यावरून पाय टाकला, आणि यादीत एकही नाही!

बाईंनी लाल सायकल उचलली. ओठ दाबून, कण्हत, पण दंडापलीकडे नेली.

"हीच घे," बाबा म्हणाले.

"धनगरवाडा राहतो, बाबा. तिथं नऊ लेकरं आहेत. दोघी पोटुशी."

"मग धनगरवाडा सोड."

"नाही सोडणार."

"मग काळी उचल."

काळीचं पुढचं चाक पलीकडे गेलं. मागचं जाईना. बाईंनी जोर केला, गुडघा लचकला, आणि सायकल अंगावर घेऊन बाई उंबऱ्यात पडल्या. मी धावलो. बाबांनी हात आडवा केला.

"तिनं हाक मारली का तुला?"

मारली नव्हती. माझा जीव मात्र तुटत होता.

बाई उठल्या. लुगड्याची धूळसुद्धा झटकली नाही.

"एक उचलवत नाही, दुसरी पोचत नाही," बाबा म्हणाले. "साहेब काय वाईट सांगतात? वय झालं. टेबलावर बस."

...

बाईंचा चेहरा लालभडक झाला.

"तुम्हीपण?" आवाज कापत होता, पण खाली आला नाही. "घरी तेच, हपिसात तेच, आता इथंही तेच! नाही बसणार. मेले तरी नाही बसणार. त्या वाड्यांतली अर्धी माणसं माझ्या हातांत जन्मली. भर पावसात, कंदील धरून. तेव्हा कुणी म्हणालं नाही, बाई, दमला असाल."

आणि वाकून त्यांनी सरळ दंडच उचलला.

"अहो, अहो!" मी ओरडलो. त्या दंडाला मठात कुणी हात लावत नाही. सतरा वर्षं झाडतोय मी इथं, मीसुद्धा नाही.

"धरा," म्हणाल्या, आणि तो माझ्याच हातात कोंबला. मी भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी तो धरून उभा राहिलो. काय करणार?

बाईंनी काळी सायकल सरळ केली आणि उंबऱ्यावरून ढकलत आत आणली. बाबांच्या पुढ्यात उभी केली.

"मी उचलणार नाही," त्या म्हणाल्या. "मी का उचलू? त्या लाकडांना बिजागऱ्या लावायला सांगीन. नाही लावल्या तर करवत घेऊन जाईन. रिवाज म्हणे! मी उघडीन, मी लावीन, आणि एक जरी जनावर आत शिरलं तर मला विचारा."

मी बाबांकडे बघितलं. दंडाचा विटाळ केला म्हणून आता काय ऐकावं लागतंय कोण जाणे.

बाबा खाली बसले. गोधडी पुन्हा मांडीवर घेतली. दोन टाके घातले.

"तिन्हीत सगळ्यात जाड लाकूड कुणाचं?" त्यांनी विचारलं.

बाईंनी डोळे मिटून वाट आठवली.

"मधल्या वाडीचं. पाटलांच्या बांधावरचं. त्याला हात लावायची कुणाची छाती नाही."

बाबांनी दाताने दोरा तोडला.

"मग आधी तिकडेच जा."