कागदाएवढी जागा

यंत्रं आपसात गप्पा मारत, त्या दिवसांतली ही गोष्ट. कुमुदताईंनी आपल्या रिमोटवर पळणाऱ्या, नायट्रो इंधनावरच्या छोट्या ट्रकला मोठं इंजिन घेतलं, आणि त्याची ताकद चाकांपर्यंत नेणारे दोन गिअरही नवे, पोलादी आणले.

त्या दोघांचं पहिल्या भेटीतच असं काही जमलं की विचारू नका! “ताई, आम्हाला अगदी घट्ट बसवा,” धाकटा गिअर म्हणाला. ताईंनाही घाईच होती; त्यांनी तसंच बसवलं. इंजिन सुरू झालं, गिअर किंचाळले, तापले आणि ट्रक अंगणातच अडकून बसला.

मग ताईंनी इंजिनाचे स्क्रू सैल केले आणि कॅलेंडरच्या जुन्या पानाची एक पट्टी फाडून दोघांच्या दातांमध्ये घातली.

“ही बया कशाला मध्ये?” थोरला गिअर करवादला.

पट्टीला ते लागलं. शिवाय दोन्हीकडून दात रुतत होते. तरी ती म्हणाली, “जरा दम धरा. मी काही मुक्कामाला आले नाही.”

ताईंनी स्क्रू पुन्हा आवळले आणि पट्टी अलगद ओढून काढली. मागे उरली कागदाएवढी फट.

ह्या वेळी गिअर किंचाळले नाहीत, चक्क गाऊ लागले! ट्रक धुरळा उडवत सुटला, मातीच्या ढिगावरून झेपावला, आणि ताई रिमोट छातीशी धरून नाचल्या.

परतल्यावर थोरल्याला ओट्यावर पडलेली नागमोडी पट्टी दिसली. तो ओशाळला. “ये ना गं आत. तुझी जागा आम्ही राखून ठेवली आहे.”

पट्टी हसली. “राखा. पण रिकामीच राखा.”