मानाचं दही

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात, जिथे दुधाला तोटा नव्हता आणि गप्पांना तर नव्हताच नव्हता, भिवरा नावाची एक गवळण राहत होती. तिच्या हातचं दही असं लागायचं की सुरीने कापावं. चैत्रात गावच्या देवीची यात्रा भरे, तेव्हा देवीच्या दहीभाताला दही जायचं ते भिवराच्याच घरचं. त्याला मानाचं दही म्हणत.

त्याची एक रीत होती. दह्याचं मडकं देवळात सगळ्यांसमोर उपडं धरायचं. दही जागचं हललं नाही, की गुरवीण आजी त्या बाईच्या ओटीत नारळ घालायची. मग वर्षभर ती बाई पाणवठ्यावर आली की बाकीच्या जरा सरकून जागा देत. भिवराला ही जागा इतकी वर्षं मिळत होती की ती आपल्या नावावरच आहे असं तिला वाटायला लागलं होतं.

अशात शेजारच्या घरी येसू लग्न होऊन आली. पोर गरीब स्वभावाची, कामाला वाघीण. पहिल्याच आठवड्यात वाटी घेऊन दारात उभी राहिली.

"अक्का, विरजण देता का थोडं? आणि कसं लावायचं तेही सांगा. सासूबाई म्हणतात, शिकायचं तर भिवराक्काकडून."

भिवराला बरं वाटलं. का नाही वाटणार? तिने येसूला जवळ बसवून सगळं शिकवलं. दूध बोटाला सोसेल इतकंच कोमट हवं, मडकं आतून कोरडं हवं. "आणि हे बघ, एकदा विरजण घातलं की मडक्याला हात लावायचा नाही. हलवलं की गेलं. दह्याला निवांतपणा लागतो बाई."

येसूने ऐकलं, आणि मनापासून केलं. दोन-तीन वर्षांत तिचं दही असं लागायला लागलं की खाणारा वाटी पुसून खाई. हळूहळू बायका विरजणाची वाटी घेऊन येसूच्या दारात जायला लागल्या. भिवराच्या ओट्यावरून ते सगळं दिसायचं. ती नाही नाही म्हणत बघायची, आणि मोजायचं नाही म्हणत मोजायची.

"आज सुताराची सून पण तिकडेच गेली," ती नवऱ्याला म्हणाली.

"मग जाऊ दे की. तिचं घर जवळ पडतं."

"आजवर लांब नव्हतं पडत ते माझं घर!"

नवऱ्याने पुढे वाद घातला नाही. शहाणा माणूस होता, म्हशी सोडल्या आणि रानात गेला.

त्या वर्षी यात्रेच्या आधी गुरवीण आजी दोघींच्या दारात येऊन सांगून गेली, "यंदा दोघींनीही मडकं आणा गं. जिचं दही घट्ट, तिचा मान." आजीच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण भिवराच्या मनात तेवढ्याने कालवाकालव झाली. आपणच शिकवलेली पोर, आपल्याच दारात वाटी घेऊन आलेली, आणि आता आपल्या शेजारी मडकं घेऊन उभी राहणार! रात्रभर तिचा डोळा लागला नाही. कूस बदलली तरी डोळ्यासमोर नारळ, आणि तो येसूच्या ओटीत.

यात्रेच्या दिवशी सकाळी उजाडताच येसू धावत आली. चेहरा रडवेला.

"अक्का, घात झाला. मांजराने विरजणाचं भांडं चाटून पुसून ठेवलं. दूध तापवून तयार आहे. वाटीभर द्या ना."

गावात विरजणाला कुणी नाही म्हणत नसे, आणि देवीच्या दिवशी तर मुळीच नाही. भिवराही नाही म्हणाली नाही. "बस हं, आणते," म्हणून ती आत गेली.

आत चुलीत गरम राख होती. हातात विरजणाची वाटी होती. भिवराने एकदा दाराकडे पाहिलं. मग तिने वाटी राखेत खुपसली. चटका बसेल इतकी तापली, तेव्हा बाहेर काढली, पाण्यात ठेवून निववली, बोटाने ढवळली. विरजणात आता जीव उरला नव्हता. वाटी मात्र भरलेली होती.

येसूने वाटीत डोकावून पाहिलं. "अक्का, जरा फुटल्यासारखं वाटतंय का?"

"उन्हाळा आहे बाई. माझंही तसंच आहे."

"तुमच्या घरचं आहे ना, मग बघायलाच नको," असं म्हणून येसू वाटी पदराखाली झाकून घेऊन गेली.

भिवराने मग आपल्या मडक्यात ताजं, चांगलं विरजण घातलं आणि ते स्वयंपाकघरातल्या नेहमीच्या कोपऱ्यात ठेवलं. आता खरं तर दिवस कलेपर्यंत पाय पसरून बसायचं. पण तिला बसवेना. तिकडे काय चाललं असेल? लागलं तर नसेल? तिने कुंपणातून पाहिलं. येसूने मडकं घोंगडीत गुंडाळून ठेवलं होतं आणि स्वतः बाजूला बसून तांदूळ निवडत होती. तोंडाने ओव्या चालल्या होत्या.

गाते आहे म्हणजे लागलं असणार! भिवरा धावत आत आली, झाकण काढलं, आपलं मडकं थोडं कलतं करून पाहिलं. अजून दूधच. साहजिक होतं, पण तिला ते पटेना.

कोपऱ्यातून येसूचं घर दिसत नव्हतं, म्हणून तिने मडकं उचलून ओट्यावर आणलं. म्हणजे दोन्हीकडे नजर राहील. जरा वेळाने ऊन आलं, म्हणून परत आत नेलं. येसू उठली तसं पुन्हा बाहेर. मध्येच वाटलं की विरजण कमी पडलं असेल, म्हणून आणखी एक पळीभर घालून ढवळलं.

नवरा जेवायला आला तो बघतच राहिला. "अगं, ते काय तान्हं पोर आहे का, कडेवर घेऊन फिरायला?"

"तुम्ही जेवा मुकाट्याने."

"जेवतो. पण तूच साऱ्या गावाला सांगत असतेस, हलवू नका म्हणून."

भिवराने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने भाकरीही आवाज न करता मोडली.

दिवस कलला. देवळापुढे गर्दी जमली. गुरवीण आजीने आधी येसूचं मडकं घेतलं आणि सावकाश उपडं केलं. एक थेंब पडला नाही. पोरांनी टाळ्या पिटल्या. मग भिवराचं मडकं घेतलं. ते पुरतं उपडंही झालं नव्हतं, तोच पातळ पांढरी धार आजीच्या पायांवर आली.

कुणी हसलं नाही. तेच भिवराला जास्त लागलं.

आजीने नारळ उचलला, तशी येसू पुढे झाली. "आजी, थांबा. आज माझ्या घरी विरजणच नव्हतं. अक्कांनी सणाच्या दिवशी आपल्यातलं काढून दिलं, म्हणून हे दही लागलं. नारळ आमच्या दोघींच्या ओटीत फोडून घाला. अर्धा त्यांचा."

"खरं आहे पोरीचं," एक म्हातारा म्हणाला. "विरजण भिवराचं, पण हात येसूचा हो! काय हात आहे पोरीचा!"

भिवरा नुसती गप्प राहिली असती, तरी अर्धा मान घेऊन घरी गेली असती. पण 'हात येसूचा' हे शब्द कानात शिरले आणि तिचा तोल गेला.

"माझ्या विरजणाने लागलंच कसं?" ती ओरडली. "मी तर ते राखेत तापवून मारून दिलं होतं!"

बोलून गेली, आणि मग आपण काय बोललो ते तिलाच ऐकू आलं. हात तोंडाकडे गेला, पण उशीर झाला होता.

येसू तिच्याकडे वळली. "विरजण फुटल्यासारखं दिसलं, म्हणून मी वरून मिरच्यांचे देठ टाकले होते," ती हळू आवाजात म्हणाली. "माहेरी टाकतात तसे. त्यानेही दही लागतं. मला वाटलं, तुमच्या विरजणाला जरा आधार होईल." मग थोडं थांबून म्हणाली, "अक्का, मान हवा होता तर तसं म्हणायचं होतंत. मी मडकं आणलंच नसतं."

भिवराला कुणी शिव्या दिल्या असत्या तर तिने उलट दिल्या असत्या. हे ऐकून मात्र तिने पदर तोंडावर ओढला.

गुरवीण आजीने पाय पुसले. अख्खा नारळ येसूच्या ओटीत घातला. मग भिवराचं मडकं तिच्याच हातात परत देऊन म्हणाली, "हे काही फेकायचं नाही. पाणी घाल, मीठ-जिरं घाल, ताक कर. माणसं उन्हातून आली आहेत."

भिवराने ताक केलं. इतकी वर्षं देवीसमोर पुढे बसणारी बाई त्या दिवशी पंगतीच्या मागे उभी राहून पेले भरत होती. घेणारे घेत होते, कुणी तिच्याशी फारसं बोलत नव्हतं. शेवटी येसूनेही पेला पुढे केला. वर पाहिलं नाही. भिवराने तो काठोकाठ भरला. एक थेंबही सांडू दिला नाही.

यातून घ्यायचं ते एवढंच: दुसऱ्याचं बिघडावं म्हणून जो जळत बसतो, त्याचं आपल्या कामावरचं लक्ष उडतं, आणि मग कुणी आपणहून अर्धा मान पुढे केला, तरी तो घेण्याइतकी जागा त्याच्या मनात उरलेली नसते.