साळिंदराला कोणी काही सांगेना

एका डोंगराळ जंगलात, आत जायला एकच अरुंद वाट असलेल्या मोठ्या गुहेत, एक साळिंदर राहत असे. एवढी गुहा त्याला एकट्याला नको होती, म्हणून त्याने तिथे कोठार सुरू केले. बोरे, आवळे, कंद, मोहाची सुकवलेली फुले असे काय काय ते साठवून ठेवी. वैशाखात डोंगर करपला की पाऊस येईपर्यंत सगळे जंगल त्या कोठारावर दिवस काढी. ते रिकामे पडले तर लहान पाडसे आधी दगावणार, हे सर्वांना ठाऊक होते. साळिंदराला तर त्या काळजीने झोप लागत नसे.

त्याच्याकडे कामाला तिघे होते. धनेश पक्षीण उंचावरून टेहळणी करून कुठे काय पिकले आहे ते सांगे. सांबर वेलींनी बांधलेले भारे शिंगांना अडकवून डोंगर चढून आणी. आणि धामण कोठाराच्या तोंडाशी नुसती पडून असे. ती तिथे आहे एवढ्यावरच उंदीर त्या बाजूला फिरकत नसत. पक्षिणीला आणि सांबराला कोठारातला पहिला वाटा मिळे. धामण काही फळे खात नसे, तिला गुहेतला गारवा पुरे होता.

साळिंदर मालक म्हणून वाईट नव्हते, हे मी आधीच सांगून टाकतो. ते कोणाला उपाशी ठेवत नसे, की कोणाला उगाच काटे टोचत नसे. त्याची खोड एकच. कोणी सुट्टी मागितली की बुडणारे सगळे काम ते त्याच्याकडून आधीच करून घेई. त्याला हा अगदी सरळ न्याय वाटे. खरे सांगायचे तर मुलांनो, पहिल्यांदा ऐकले तेव्हा मलाही तो न्यायच वाटला होता.

फाल्गुनात धनेश पक्षीण साळिंदराकडे आली. या पक्ष्यांची एक रीत आहे. अंडी घालायची वेळ झाली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते, ढोलीचे तोंड लिंपून घेते आणि चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. पिल्ले जरा मोठी होईपर्यंत ती बाहेर पडत नाही. नर तिला त्या फटीतून भरवतो. पक्षीण म्हणाली, "मालक, पंधरा दिवसांनी मी ढोलीत बसणार. माझ्या जागी तांबट पक्ष्याला आत्तापासून शिकवून ठेवा. तो हुशार आहे."

साळिंदराने त्यातले पंधरा दिवस तेवढे लक्षात ठेवले आणि तांबटाची गोष्ट कानाआड केली. तीन महिन्यांची टेहळणी या पंधरा दिवसांत उरकून टाक, असे त्याने तिला सांगितले. बिचारी पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत डोंगरामागून डोंगर पालथे घालू लागली. अखेर ढोलीत शिरली तेव्हा तोंड लिंपून घेण्याइतकेही त्राण तिच्यात उरले नव्हते. दोन दिवस ढोली उघडी राहिली आणि नराला खाणे शोधायचे सोडून दारात पहारा करावा लागला. त्या साली तिला एकच पिल्लू झाले.

हे सांबराने पाहिले आणि धामणीनेही पाहिले. दोघे एकमेकांशी काही बोलले नाहीत, पण दोघांनीही कानाला खडा लावला. धामणीला कान नसतात, तरी तिनेही लावला.

चैत्रात सांबराच्या शिंगांच्या मुळाशी खाज सुटली. दरवर्षी शिंगे गळतात आणि पावसाळ्यात नवी येतात, तेव्हा आता काय होणार हे त्याला नीट कळत होते. तरी आठ दिवस त्याने मिठाची गुळणी धरली. नवव्या दिवशी नेमके कड्यावर त्याचे उजवे शिंग गळाले आणि मोहाच्या फुलांचे सगळे भारे दरीत गेले. उरलेल्या एका शिंगाने मान वाकडी करून ते गुहेपाशी आले, तेव्हा साळिंदराने त्याला चांगलेच फैलावर घेतले.

त्याच आठवड्यात धामणीच्या डोळ्यांवर साय धरली. कात टाकायच्या आधी सापांना असे होते आणि काही दिवस त्यांना धड दिसत नाही. धामण रोजच्या जागी तशीच पडून राहिली. ती कोणाला काही बोलली नाही. पण उंदरांना कळायचे ते कळले. पहिला उंदीर भीत भीत तिच्या नाकासमोरून आत गेला, मग त्याचे सगळे गणगोत गेले. चार दिवसांनी साळिंदर कोठार पाहायला आत शिरले, तर निम्मे कोठार साफ झालेले.

साळिंदराच्या अंगावरचे सगळे काटे ताठ उभे राहिले. त्याने दोघांना बोलावून विचारले, "तुम्हाला आधी माहीत होतं. मग मला का नाही सांगितलंत?"

सांबर खाली पाहू लागले. धामण मात्र शांतपणे म्हणाली, "सांगणारीचं काय झालं ते आम्ही पाहिलंय, मालक. न सांगणाऱ्याला तुम्ही एक दिवस रागावता. सांगणाऱ्याला पंधरा दिवस राबवता."

त्या उन्हाळ्यात साळिंदराने स्वतःचा वाटा वाटून टाकला आणि मुळ्या चावून दिवस काढले, तरी ज्येष्ठात दोन पाडसे गेली. त्याचे दुःख त्याला फार झाले. पाऊस पडल्यावर त्याने तिघांना सांगितले, की यापुढे अडचण आधी सांगणाऱ्याकडून जास्तीचे काम घेतले जाणार नाही. तिघांनी माना हलवल्या. पण पावसाळा सरला तरी त्याला कोणी काही सांगायला आले नाही, आणि आपण बोललो एवढ्याने भागत नाही हे साळिंदराला हळूहळू समजले.

कार्तिकात कोठार पुन्हा भरत आले असताना धामण पुढे आली. "मालक, चार दिवसांनी माझ्या डोळ्यांवर साय येईल," एवढेच ती म्हणाली. सांबर भारा उतरवायचा थांबले. पक्षीण फांदीवरून खाली वाकून पाहू लागली.

जुनी सवय साळिंदराच्या जिभेवर आली होती. या चार दिवसांत तू अमुक कर, तमुक कर, असे ते म्हणणारच होते. ते शब्द गिळून साळिंदर म्हणाले, "मग तू आजपासूनच आत गारव्याला पड. दारात मी बसतो."

आणि ते खरोखर बसले. धामण कात टाकून बाहेर येईपर्यंत ते काटे फुलवून कोठाराच्या तोंडाशी बसून होते. उंदीर दोनदा आले आणि आल्या पावली परत गेले.

धामण आपल्या जागेवर परत आली त्याच दिवशी सांबर साळिंदराजवळ येऊन उभे राहिले. जरा घुटमळून ते म्हणाले, "मालक, चैत्रात माझी शिंगं गळणार आहेत. अजून पाच महिने आहेत, पण म्हटलं आत्ताच कानावर घालावं."

तात्पर्य : अडचण आधी सांगणाऱ्यालाच जो शिक्षा करतो, त्याला पुढची अडचण नुकसान झाल्यावरच कळते.