सिमालोईचं दार

“...पण मी हाक मारल्याशिवाय एकही बाई शेतात पाऊल टाकत नाही. असं का, सिस्टर?”

सिस्टर अपोलिना चवळीच्या शेंगा सोलत होत्या. सोलत राहिल्या.

“आळशी आहेत का?”

“छे. हाक मारली की माझ्यापेक्षा जास्त राबतात. पण काल मी फाटक उघडं ठेवून बी आणायला बाजाराच्या गावी गेलो, तर दिवसभर फाटकाबाहेर बसून राहिल्या. आत पानं माना टाकत होती. यांच्या हातात पाण्याचे डबे होते. तरी बसून.”

“हं...”

अनुग्रह संसारे नगरकडचा. राहुरीला शेतकी शिकला, पहिल्या वर्गात पास झाला. केनियात मसाई विधवांना शेती शिकवायला मिशनला माणूस हवाय असं कळलं, तसा आनंदानं निघून आला. पोरगा हुशार होता, कष्टाळू होता. आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच माहीत होतं, एवढीच काय ती खोड.

सिस्टर अपोलिना वसईच्या. बापाची केळीची वाडी होती, लहानपण पाटाच्या पाण्यात गेलं. तरुणपणी इकडे आल्या आणि इथेच त्यांचे केस पांढरे झाले. बोलायच्या कमी. जे बोलायच्या त्यानं अनुग्रहचं समाधान सहसा होत नसे.

मसाई माणसं गुरं राखणारी. माती उकरणं त्यांच्यात कमीपणाचं. त्यात या बायका विधवा, कोणालाच हाताशी आलेला मुलगा नाही, नवऱ्याची गुरं दिरांच्या कळपात गेलेली. मिशनच्या शब्दाखातर वस्तीच्या पंचांनी त्यांना डोंगरउतारावरचा एक दगडाळ तुकडा दिला होता. पीक उभं राहू दे, मग जमीन कोणाची ते ठरवू, असं पंच म्हणाले होते.

पीक उभं राहिलं होतं. पंच उद्या येणार होते.

आणि पीक काय उभं राहिलं होतं! अनुग्रहनं उतारावर आडवे चर खणून घेतले, शेण कुजवायला शिकवलं, उघड्या मातीवर वाळलं गवत पसरायला शिकवलं. काट्याकुट्यांच्या जागी आता चवळी होती, भोपळे होते, सुकुमा नावाची इथली पालेभाजी होती. भोवती तारेच्या जाळीचं कुंपण. खांब त्यानं स्वतः रोवले, जाळी स्वतः ताणली. कुंपणाला एकच लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप. किल्ली त्याच्या गळ्यात, क्रूसाच्या शेजारी.

“उद्या पंच विचारतील, शेत कोणाचं,” अनुग्रह म्हणाला. “बायकांनी ‘आमचं’ म्हणायला हवं. नाहीतर परमुआत टपलेलाच आहे.”

परमुआत म्हणजे त्या बायकांपैकी सिमालोईचा दीर. त्याच्या शेळ्या शेताच्या वरच्या अंगाला चरायच्या आणि त्याची नजर खालच्या हिरव्या तुकड्यावर असायची.

“मग आजच विचारून बघ,” सिस्टर म्हणाल्या.

सिमालोई सगळ्यांत धीट. अनुग्रहनं तिला फाटकापाशी गाठलं. बाकीच्या बायका मागे उभ्या राहिल्या.

“सिमालोई, हे शेत कोणाचं?”

“तुझं.”

“अगं, माझं कसं? खणलं तुम्ही. पेरलं तुम्ही.”

“हो. पण दार तुझं ना?”

अनुग्रहनं गळ्यातल्या किल्लीकडे पाहिलं.

मग तिनंच त्याला समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. मसाई वस्तीत कुंपण घालतो पुरुष. कुंपणातलं दार ज्याचं, त्याचं घराणं. त्या दारातून जे आत येतं, बाहेर जातं, ते त्याचं. घर मात्र बाई बांधते. काटक्या तीच रोवते, शेणमाती तीच लिंपते, आणि तिनं हातानं बांधलेलं घर तिचंच राहतं. नवऱ्यालाही त्यावर हक्क सांगता येत नाही.

अनुग्रहनं गळ्यातून किल्ली काढली.

“एवढंच ना? घे. आता दार तुझं.”

सिमालोईनं दोन्ही हात पाठीमागे नेले. मागच्या बायका तोंडाला कापड लावून हसू लागल्या.

“पुरुषाच्या दारातून न बोलावता वावरते ती त्याची बायको,” सिमालोई म्हणाली. “आम्ही सगळ्याच तुझ्या बायका होऊ का? तुझ्याकडे तेवढी गुरं आहेत?”

अनुग्रहचे कान तापले. नगरला त्याच्या आईनं अजून एक मुलगीसुद्धा पाहिलेली नव्हती.

हसणं थांबल्यावर सिमालोई हळू बोलली.

“परमुआत मला म्हणाला, परदेशी माणूस एक दिवस जाईल. मग त्याचं दार माझं. तू माझ्या शेळ्या वळशील आणि माझ्या बायकोनं टाकलेलं खाशील.”

आवाजात राग नव्हता. उद्या ऊन पडेल असं सांगावं तसं तिनं सांगितलं. आपण इतके दिवस भाजी वाढवत होतो की परमुआतसाठी ताट वाढत होतो, हेच त्याला कळेना.

किल्ली पुन्हा गळ्यात अडकवून तो सिस्टरकडे परत आला.

“किल्ली घेत नाहीत, सिस्टर.”

“पक्कड आहे?”

“आहे.”

“कुंपण काढ.”

“...कुठलं?”

“दुसरं कुठलं आहे?”

“वर परमुआतच्या शेळ्या आहेत.”

“दिसतायत मला.”

“सगळं खातील. उद्या पंचांना काय दाखवायचं? खुंट?”

सिस्टरनी सोललेले दाणे टोपलीत ओतले.

“तू लावलंस, तूच काढ. दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये.”

अनुग्रहला भांडावंसं वाटलं. पण सिस्टरशी भांडायचं म्हणजे एकट्यानंच बोलत राहायचं, हे त्याला अनुभवानं माहीत होतं. बघू दे म्हातारीला काय होतं ते, असं मनाशी म्हणत त्यानं पक्कड घेतली.

एकेक तार तुटली. एकेक खांब उपटला. बायका जागच्या हलल्या नाहीत. शेवटी फाटक काढून त्यानं बाजूला टाकलं. त्याचं कुलूप तसंच लावलेलं होतं.

त्यानं एक काठी उचलली आणि चवळीपुढे पाय रोवून उभा राहिला.

“इकडे ये,” सिस्टर म्हणाल्या.

त्या बाभळीच्या सावलीतल्या दगडावर बसल्या होत्या. शेताकडे पाठ करून.

“काठी ठेव. बस.”

“सिस्टर, निदान...”

“माझ्यासारखा बस. पाठ तिकडे.”

तो बसला.

“वळायचं नाही.”

बराच वेळ काहीच झालं नाही. वाऱ्यानं बाभळीच्या शेंगा वाजत होत्या.

मग शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या. वरून. मग जरा खालून.

“सिस्टर...”

“ऐकतेय.”

घंटा आणखी जवळ आल्या. एक शेळी अगदी पाठीशी ओरडली. पाठोपाठ पानं ओरबाडल्याचा आवाज आला. अनुग्रहनं दोन्ही गुडघे घट्ट धरले. आता आपल्याला हाक येणार, असं त्याला वाटलं. आली की उठायचं, मग सिस्टर काहीही म्हणोत.

मागून एका बाईची किंकाळी आली. त्यात त्याचं नाव नव्हतं.

मग पावलं धावली. दगड उडाले. सिमालोईचा आवाज सगळ्यांच्या वर चढला. तिनं आधी शेळ्यांना शिव्या घातल्या, मग शेळ्यांच्या धन्याला, मग धन्याच्या बापाला. तो बाप तिचाही सासरा होता, पण ते तिला त्या वेळी आठवलं नसावं.

त्यानंतर कोयत्याचे घाव ऐकू आले. काटेरी फांद्या फरफटत ओढल्याचा आवाज आला. बायका एकमेकींना काहीबाही सांगत होत्या, भांडत होत्या, मध्येच हसत होत्या.

अनुग्रह ऐकत राहिला. त्याला आनंद झाला होता आणि त्याच वेळी खूप वाईटही वाटत होतं. आपल्याला कोणी हाक मारली नाही, याचं ते वाईट वाटणं होतं. स्वतःशी तेवढं कबूल करण्याइतका तो प्रामाणिक होता.

“सिस्टर, त्या धावल्या नसत्या तर?”

“तर शेळ्या जेवल्या असत्या.”

“आणि जमीन?”

अनुग्रहचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. जपमाळ बोटांभोवती इतकी आवळली होती की बोटं पांढरी पडली होती. म्हातारीही घाबरली होती तर. त्याला एकदम तिच्याबद्दल माया वाटली.

ऊन उतरलं.

“आता वळ.”

शेताभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण उभं होतं. एकीत एक अडकवून, घराच्या भिंतीसारखं विणून घेतलेलं. मध्ये मध्ये, कुंपणाला लावतात त्या शेराच्या ओल्या फांद्या मातीत खोचल्या होत्या. त्या रुजणार होत्या, वाढणार होत्या, हे त्याला पाहताक्षणी कळलं. एका टोकाची चवळी शेळ्यांनी साफ केली होती. बाकी सगळं शाबूत होतं.

आणि प्रत्येकीच्या वाफ्यासमोर कुंपणात एक फट होती. फटीत एक झुडूप ओढून घातलेलं. मसाई वस्तीतली दारं अशीच असतात.

“एवढी दारं?” अनुग्रह म्हणाला. “सिस्टर, हे कुंपण आहे की चाळण?”

सिमालोई हाताला रुतलेले काटे काढत होती. मनगटापर्यंत रक्त आलं होतं. तिनं मान वर केली नाही.

सकाळी पंच आले. पुढे म्हातारा सिरोंका, त्याच्यामागे दोघे, आणि न बोलावता आलेला परमुआत.

“शेत कोणाचं?” सिरोंकानं विचारलं.

“त्याचं,” परमुआतनं काठीनं अनुग्रहकडे दाखवलं. “दार त्याचं आहे. ती बघा, किल्ली गळ्यात.”

सगळ्यांनी अनुग्रहच्या गळ्याकडे पाहिलं. त्यानं बोलायला तोंड उघडलं. सिस्टरची काठी त्याच्या पायावर टेकली. त्यानं तोंड मिटलं.

“दार कुठे आहे?” सिरोंका म्हणाला.

फाटक गवतात आडवं पडलं होतं. त्यावर एक कोंबडी बसली होती.

सिरोंका कुंपणाच्या कडेनं चालत निघाला. पहिल्याच झुडपापाशी थांबला. पलीकडे सिमालोई उभी होती.

“हे कोणी विणलं?”

“आम्ही.”

“आणि हे दार?”

“माझं.”

“बाईचं घर असतं,” सिरोंका म्हणाला. “बाईचं दार मी माझ्या उभ्या जन्मात पाहिलं नाही.”

सिमालोईनं आपले ओरखडलेले हात पुढे केले.

म्हातारा ते हात पाहत राहिला...

या बाईला उद्यापासून शेळ्या वळाव्या लागतील की नाही, ते आता त्या म्हाताऱ्याच्या तोंडून निघणाऱ्या पहिल्या शब्दावर होतं.

सिरोंकानं काठी जमिनीत रोवली.

“सिमालोई, येऊ का आत?”

सगळ्यांत आधी परमुआतला कळलं. त्यानं शीळ घातली, शेळ्या गोळा केल्या आणि मागे न बघता तो डोंगराकडे चालू लागला.

सिमालोईनं झुडूप ओढून बाजूला केलं. मान लववली. म्हाताऱ्यानं तिच्या डोक्याला हात लावला आणि तो आत गेला. त्याच्यामागे दोघे पंच गेले.

त्यांच्यामागे, रोजच्या सवयीनं, अनुग्रह निघाला.

सिमालोईनं झुडूप सरसरत परत जागेवर ओढलं. त्याच्या गुडघ्यांपुढे बोटभर काटे उभे राहिले. तिनं त्याला पाहिलंच नव्हतं. ती पंचांना भोपळे दाखवत पुढे गेली होती.

अनुग्रह बाहेर उभा राहिला. आतून तिचा आवाज येत होता. मातीवर गवत का पसरायचं, ते ती सांगत होती. ऊन मातीला भाजतं, म्हणून तिला पांघरूण घालायचं. शब्दन् शब्द त्याचाच होता. ती मात्र असं सांगत होती, की जणू तिच्या आजीनं तिला ते शिकवलं असावं.

त्यानं झुडपाला हात घातला आणि काढून घेतला. गळ्यातली किल्ली काढून खिशात टाकली. मग मागे वळून पाहिलं.

सिस्टर अपोलिना दगडावर बसून शेंगा सोलत होत्या.

“सिस्टर... मी आत कसा जाऊ?”

सिस्टरनी हातातली शेंग सोलून पुरी केली.

“हाक मार. मोठ्यानं नको.”