कोल्ह्याची साळुंकी आणि मोराचा नाच

मुलांनो, एका जंगलाच्या मधोमध मोठे तळे होते आणि त्या तळ्याकाठी एक कोल्हा राहत असे. त्याने एक साळुंकी पाळली होती. झाडाझाडाखाली दबा धरून, कुणालाही न विचारता, त्याने साऱ्या प्राण्यांची बोलणी ऐकली आणि तिच्याकडून घोकून घेतली. आता तिला काहीही विचारा, ती क्षणात ठाम उत्तर देई, आणि विचारणारा कोल्ह्यापुढे गोड बोरे ठेवून जाई. तळ्यात एक मगर होती. ती काठाजवळ आली की टिटवी ओरडून सर्वांना सावध करी. कोल्ह्याने त्या टिटवीला पलीकडच्या माळावर हाकलून लावले. "तुझी कटकट आता कुणाला हवी? माझी साळुंकी सगळं सांगेल," तो म्हणाला. "आज तुझं काम गेलं, उद्या सुतारपक्ष्याचं जाईल, परवा माकडाचं!" हे तो मोठ्या अभिमानाने सांगे, आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे का उतरतात हे मात्र त्याला कळत नसे.

एके दिवशी हरिणीचे पाडस तळ्यावर आले. "साळुंकीताई, इथलं पाणी पिऊ का?" त्याने विचारले. "पी की! अगदी निर्धास्त पी," साळुंकी म्हणाली. पाडसाने मान खाली घातली मात्र, मगरीने त्याला पाण्यात ओढले. हरिणी धावत आली तेव्हा पाण्यावर नुसते तरंग उरले होते.

सारे जंगल खवळले. साळुंकीकडे कुणी फिरकेना. कोल्ह्याला वाईट वाटले, पण ते पाडसाबद्दल नव्हे, बोरे बंद झाल्याबद्दल! "माझ्याबद्दल सगळ्यांचा गैरसमज झालाय," असे म्हणून त्याने मोराला बोलावले. साळुंकीच्या गळ्यात रानफुलांची माळ घातली, मोराला नाचायला लावले आणि प्राण्यांची सभा भरवली. "बाबांनो, तुम्ही नव्या गोष्टीला उगाच घाबरता," तो गोड आवाजात म्हणाला. "जरा विश्वास ठेवायला शिका."

हरिणी पुढे आली. रडून रडून तिचे डोळे लाल झाले होते. "साळुंके, माझ्या बाळाला उत्तर देण्याआधी तू पाण्याकडे पाहिलं होतंस का?"

"नाही," साळुंकी म्हणाली. "पाहायचं असतं, हे मला कुणी शिकवलंच नाही. ठामपणे बोलायचं तेवढं शिकवलं."

कोल्हा गडबडला. "पाडसानं नीट विचारलं नसेल!" तो म्हणाला.

"गप्प बस!" हरिणी कडाडली. मोराचा पिसारा आपोआप मिटला. "बोरं खाताना साळुंकी तुझी, आणि जीव गेला की चूक माझ्या बाळाची? एवढा विश्वास आहे ना तिच्यावर? मग तिला विचार, आणि सगळ्यांसमोर त्याच काठावर जाऊन पाणी पी!"

कोल्ह्याने साळुंकीकडे पाहिले, मग तळ्याकडे पाहिले. त्याचा पाय पुढे पडेना. "मला... मला आत्ता तहान नाही," तो पुटपुटला.

मग हत्ती उठला, त्याच्यामागे माकडे उठली, ससे उठले. सगळे मिळून पलीकडच्या माळावर गेले आणि टिटवीला मानाने परत घेऊन आले. ओस पडलेल्या सभेत कोल्हा मोरावर चिडून म्हणत होता, "तुझा नाच कमी पडला, दुसरं काही नाही!"

तात्पर्य : आपल्या चुकीचे उत्तरदायित्व जो घेत नाही, त्याने कितीही देखावा केला तरी लोकांचा विश्वास त्याला मिळत नाही; आणि अशांवर अविश्वास दाखवणे हे भित्रेपणाचे नव्हे, शहाणपणाचे लक्षण आहे.